गादीखालच्या भाकरी

आमच्या घरात कुणाला कणकण आली की सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग दाराकडे. मी नर्स आहे, थर्मामीटर हाताशी असतो, ते ठीकच. पण थर्मामीटर तोंडात गेला की समोरच्याला बोलता येत नाही आणि मी एखादी जुनी हकीकत सुरू करते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. भाचरं तर हात जोडतात. "मावशी, दर्ज़ी वाली नहीं, प्लीज़." लखनौत वाढलेली पोरं, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून. शिंप्याची ही गोष्ट मी इतक्यांदा सुरू केली आहे आणि इतक्यांदा कुणाचा तरी ताप मध्येच उतरला आहे, की शेवटपर्यंत ती कुणीच ऐकलेली नाही. म्हणून लिहूनच काढते. कागद उठून जात नाही.

बाबा बँकेत. सोलापूरहून बदली होऊन लखनौला आले ते इथलेच झाले. इंदिरा नगरात वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, खाली मालक, समोर बाग. नव्वदीची ती मधली वर्षं. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा मी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा तिने मला अतिशय सभ्यपणे परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिला त्रास नको म्हणून मी नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घेतला. बाबांनी एकच विचारलं, "विद्यापीठाची डिग्री मिळते ना? मग ठीक." आईने दुसरंच विचारलं. "घरात स्वतःचा पाण्याचा पेला उचलत नाहीस. तिथे लोकांची भांडी उचलणार?"

पेला अजून तिथेच असतो.

दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय प्रौढांच्या आजारांतली शुश्रूषा. माहितीपत्रकात छापलं होतं 'प्रौढ़ स्वास्थ्य परिचर्या'. ते वाचून धाकटी बहीण म्हणाली, "ताई, पहले ख़ुद तो प्रौढ़ हो जाओ." मला वाटलं, लहान मुलांच्या वॉर्डापेक्षा हे सोपं. मूल रडतं, हात झटकतं, चावतं. प्रौढ माणूस काय, विचारलं की सांगतो. इतका भाबडा विचार करणाऱ्या मुलीला विद्यापीठाने प्रवेश दिलाच कसा, असं आता एक शिक्षिका म्हणून मला वाटतं.

बाबांना काळजी वेगळी. जेवताना आमटीत भाकरी चुरता चुरता ते विचारायचे, "बरं, यात पुढे काय?"

मी पाठ केल्यासारखं सांगायची. सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, मग वॉर्डची सिस्टर, मग मेट्रन. नाहीतर लष्करातली नर्सिंग, तिथे अफसराचा हुद्दा. नाहीतर पुढे शिकून कॉलेजात शिकवायचं. नाहीतर आखातात.

"रात्रपाळी असते?"

"असते."

"बँकेत नसते."

"सणावाराला सुट्टी?" हे आई.

"वॉर्ड बंद कसा ठेवणार, आई?"

"बँक बंद ठेवतात," बाबा शांतपणे म्हणायचे आणि ताक मागायचे. एका डिसेंबरात त्यांनी बँकेच्या कारकून परीक्षेचा फॉर्म आणला. स्वतःच्या वळणदार अक्षरात सगळा भरला, माझा फोटो चिकटवला आणि टीव्हीवर शिंपल्यांच्या बदकाखाली ठेवून दिला. फक्त सही माझी बाकी. मुदत जानेवारीअखेर. "जबरदस्ती नाही," म्हणाले. "पण असू दे तिथे." रोज संध्याकाळी बातम्या बघताना ते बदक माझ्याकडे बघत असे.

आता कुर्त्याबद्दल सांगायला हवं, कारण तो पुढे कामाला येतो. आमचा युनिफॉर्म पांढरा सलवार-कुर्ता, वर निळा एप्रन. आईने सोलापुरात शिवणकामाचा कोर्स केलेला. तिने तो घरीच शिवला, आणि वाढत्या अंगाचा शिवला. मी तेव्हा वीस वर्षांची. म्हटलं, आई, माझं अंग वाढायचं थांबलंय गं. ती म्हणाली, "कोण सांगतं?" खांदे दंडापर्यंत उतरलेले, बाह्या बोटांवर येणाऱ्या. थंडीत आत दोन स्वेटर मावायचे, एवढा एक फायदा.

त्या जानेवारीत मला पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात एक पेशंट नेमून दिला. तीन आठवडे त्याची शुश्रूषा करायची आणि सविस्तर फाइल लिहायची: आधी पेशंटची पूर्ण तपासणी आणि विचारपूस, मग त्याच्या अडचणी, मग योजना, मग केलेलं काम, शेवटी परिणाम. वार्षिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक ती फाइल बघणार. पेशंट म्हणजे चौकातले साठीचे शिंपी. शेरवान्या शिवण्यात उभी हयात गेलेली. अंगाने काटकुळे, पांढरी नेटकी दाढी, आणि बोलणं असं की इंजेक्शन टोचून घेतल्यावर तेच आपले आभार मानत. मी त्यांना चाचा म्हणायची, ते मला बिटिया.

चाचांना बरीच वर्षं मधुमेह. पायातली जाणीव गेलेली. चपलेतून वर आलेला खिळा करंगळीखाली तीन दिवस टोचत होता आणि त्यांना कळलंच नाही. मोजा लाल झाला तेव्हा त्यांच्या बेगमने पाहिलं. जखम चिघळलेली, करंगळी आणि शेजारचं बोट काळपट, सूज आणि लाली वर सरकत चाललेली. तोच उजवा पाय, ज्याने चाळीस वर्षं मशीनचं पायडल हाणलं.

सर्जननी पेन काढलं आणि घोट्याच्या खाली, लाली जिथे संपत होती तिथे, कातडीवर निळी रेघ मारली. "शुगर आटोक्यात आली तर जखम भरेल. लाली या रेघेच्या वर गेली तर घोट्याच्या वरून काढावा लागेल." डॉक्टर हिंदीत बोलले, शांतपणे बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

चाचा त्या रेघेकडे कारागिराच्या नजरेने बघत राहिले. मग म्हणाले, "नाप तो ले लिया डॉक्टर साहब ने. निशान भी लगा दिया. बस कैंची बाक़ी है."

मी हसले, आणि मग हसल्याची लाज वाटून उगाच चादर सारखी करत बसले. त्या दिवशी घरी जाताना, टेम्पोत दोन बायकांच्या मध्ये चेपून बसलेली असताना, मी मनाशी एक अडाणी पैज लावली. चाचांचा पाय राहिला तर मी नर्सिंगमध्ये राहीन. गेला, तर बदकाखालच्या फॉर्मवर सही करीन. दुसऱ्याच्या पायावर स्वतःचं करिअर उभं करण्याची ही कल्पना मला तेव्हा फार उदात्त वाटली होती.

मग मी कामाला लागले. फाइलचं पहिलं पान, विचारपुशीचं, एका बैठकीत भरलं. जेवण किती वेळा? "दो वक़्त, बिटिया." गोड खाता? "तौबा." दात? त्यांनी मंद हसून मान हलवली, मी लिहिलं 'ठीक'. आहाराची योजना मात्र मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईला विचारून केली. आई म्हणाली, "त्यात काय विचारायचं? तुझ्या आजोबांची साखर भाकरीवर राहिली." म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ज्वारीची भाकरी दीड, मेथीची पातळ भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, ताक. लखनौच्या चौकात जन्मलेल्या, कुलच्यावर आणि शोरब्यावर वाढलेल्या माणसाला मी सोलापूरचा डबा लिहून दिला.

तक्ता वाचून दाखवला. "समझ गए, चाचा?"

"जी बिटिया, बिल्कुल."

"ये सब खाएँगे न?"

"क्यों नहीं. आपने इतनी मेहनत से लिखा है."

मी फाइलमध्ये लिहिलं, 'पेशंटला आहार समजला. सहकार्य उत्तम.'

ज्वारी त्यांच्या घरी कुठून येणार? आमच्याकडे ती गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या ट्रंकेतून यायची. मग आईच म्हणाली, एक भाकरी जास्तीची थापते, घेऊन जा. आम्हा विद्यार्थिनींना आपल्या घरचं खाणं पेशंटला द्यायला मनाई होती, तरी मी रोज एप्रनच्या खिशात कागदात गुंडाळून न्यायची. चाचा दोन्ही हातांनी घ्यायचे. "वाह. क्या सोंधी ख़ुशबू है. अम्मी से हमारा सलाम कहिएगा." मी सलाम घरी पोचवायची, आणि दुसऱ्या दिवशीची भाकरी आई थोडी जाडच थापायची.

साखर तपासायचं काम आम्हा विद्यार्थिनींचं. वॉर्डामागे एक अंधारी खोली, त्यात स्पिरिटचा दिवा. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळी आणायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारंगी, आणि सगळ्यात वाईट विटकरी लाल. चाचांची नळी रोज विटकरी. डॉक्टर इन्सुलिन वाढवत होते, मी भाकरी वाढवत होते, आणि नळी विटेची विटच. पाचव्या दिवशी लाली रेघेला येऊन टेकली.

वॉर्डच्या सिस्टर कुमाऊंच्या पहाडातल्या. बारीक चणीच्या, खांद्यावर राखाडी शाल, आणि दिवसाला मोजकीच वाक्यं. त्यांनी नळी उजेडात धरली.

"पेशंट क्या खा रहा है?"

"चार्ट के हिसाब से, सिस्टर."

"तुमने देखा?"

"उन्होंने बताया."

"हूँ," म्हणाल्या आणि गेल्या. त्या 'हूँ'ने माझी भूक गेली. घरी जेवताना बाबांनी विचारलंसुद्धा नाही, नुसतं बदक सरळ केलं.

आठव्या दिवशी सकाळी चाचांना ड्रेसिंगसाठी चाकाच्या खुर्चीवरून नेलं होतं. मी मागे त्यांची खाट करायला घेतली. आमच्याकडे खाट करणं हा साधा प्रकार नाही. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली असे खोचायचे की पेशंट वळला तरी सुरकुती पडू नये. मी मन लावून गादीचा पायथ्याकडचा कोपरा उचलला, आणि खाली एक पुरचुंडी.

शेरवानीच्या अस्तराचं रेशमी कापड, कडा नीट दुमडलेल्या. आत भाकरी. शेजारी दुसरी पुरचुंडी. मग तिसरी. सहा होत्या, एकावर एक, अगदी दुकानात कापडाचे तागे रचतात तशा.

मी त्या हातात घेऊन उभी असतानाच खुर्ची परत आली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, भाकरींकडे पाहिलं आणि डोळे खाली केले. आयुष्यात पहिल्यांदा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. आणि खरं सांगायचं तर माझाही.

"रिज़्क़ है बिटिया," ते हळूच म्हणाले. "अन्न फेंक तो नहीं सकते थे. और आप इतनी दूर से लाती थीं."

"पर खाई क्यों नहीं?"

त्यांनी नुसतं तोंड उघडलं. वर दोन दात, खाली तीन, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडण्याची शक्यता नाही. फाइलमध्ये माझ्या अक्षरात लिहिलं होतं, दात ठीक.

एवढ्यात सिस्टर येऊन ठेपल्या. त्यांनी एक भाकरी उचलली आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर हलकेच वाजवली. टक्क.

"ये डाइट है कि प्लास्टर?"

शेजारच्या खाटेवरचा मोडक्या पायाचा पेशंट इतका हसला की त्याचं खरं प्लास्टर हललं. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. माझी फाइल घेतली, पहिल्या पानावर एक तिरकी रेघ मारली. "ये पन्ना फिर से. इस बार 'समझ गए न' मत पूछना. लखनऊ में इसका जवाब सबको आता है."

दुपारी भेटायला येणाऱ्यांची गर्दी सुरू होण्याआधी मी स्टूल ओढून चाचांजवळ बसले. काय विचारू, कळेना. काहीही विचारलं तरी जी बिटियाच येणार. मग समोर काचेच्या दारात मला मी दिसले, आईच्या कुर्त्यात.

"चाचा, एक सच बात बताइए. ये मेरा कुर्ता कैसा सिला है?"

"माशाअल्लाह. बहुत... आरामदेह."

"चाचा."

त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. "कंधा उतरा हुआ है. डेढ़ इंच. दोनों तरफ़."

"और?"

"बायीं आस्तीन उल्टी लगी है." आता त्यांना थांबवत नव्हतं. "गला पीछे को भागता है, दामन टेढ़ा है. बिटिया, आप सामने से आती थीं तो हम आँखें मूँद लेते थे. आप समझती थीं, हमें दर्द है."

मी फाइलमध्ये दोनदा लिहिलं होतं, 'सकाळी वेदना जाणवतात'.

"सिला किसने है?"

"अम्मी ने."

त्यांनी दोन्ही कान पकडले. "तौबा, तौबा. सिलाई बड़ी मज़बूत है, साहब. हमसे ज़्यादा मज़बूत."

दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात काहीतरी सैल झालं. मी म्हटलं, "अब आप मेरे चार्ट की आस्तीन बताइए. कहाँ उल्टी लगी है?"

मग सांगितलं त्यांनी. जेवण दोनच वेळा, ते खोटं नव्हतं. पण दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा. नाप द्यायला आलं की चहा, शिवलेलं न्यायला आलं की चहा, आणि नुसतं सलाम करायला आलं तरी चहा. गिऱ्हाइकाला एकट्याने प्यायला लावणं म्हणजे त्याला उठवून लावणं. म्हणून प्रत्येकाबरोबर आपलीही प्याली, चार चमचे साखरेची, कारण वेगळी मागितली तर पाहुणा विचारणार आणि आजाराचं रडगाणं त्याच्यासमोर कशाला? तेच वॉर्डात. रोज दुपारी अर्धा चौक भेटायला येत होता. फाटकावरून किटली यायची, आणि चाचा प्रत्येकाला साथ देत होते. तिळाची गजक, रेवडी कुणी आणली तर त्याचं मन राखायला एक तुकडा. बेगमने आणलेलं जेवण मात्र ते परत पाठवत, कारण माझ्या तक्त्यात ते नव्हतं. म्हणजे माझ्या तक्त्याने त्यांचं जेवणच तेवढं बंद केलं होतं.

चहाचं मी विचारलंच नव्हतं. आमच्या घरी चहा खाण्यात धरत नसत. बाबा उपासालाही चार कप पीत.

मी धावतच सिस्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "पहले डॉक्टर को बताओ." साखर एकदम थांबली आणि सुई तेवढीच राहिली, तर माणूस घामाघूम होऊन कोसळेल. हे मला पुस्तकात पाठ होतं. वेळेवर आठवलं सिस्टरांना. डॉक्टरांनी डोस बदलला, आणि दुसऱ्या दिवशी बेगम आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर कोरा कागद घेऊन बसले. या वेळी सांगणाऱ्या त्या, लिहिणारी मी. चण्याच्या पिठाची मऊ रोटी दह्यात भिजवून. पालक घोटलेला. लौकी, म्हणजे आपला दुधी. पातळ डाळ. "करेला ये नहीं खाएँगे," त्या म्हणाल्या. चाचा म्हणाले, "खाएँगे." मी आणि बेगम दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. "नहीं खाएँगे," ते म्हणाले. हे माझं त्या वॉर्डातलं पहिलं यश.

राहिला चहा. मी म्हटलं, पाहुण्यांनाच बंदी करू. चाचांचा चेहरा असा उतरला, जणू पाय कापायचं ठरलं. मग त्यांनीच तोड काढली. "बिटिया, अदब प्याली हाथ में रखने का है. ख़ाली करने का नहीं." तेव्हापासून दुपारी त्यांच्या हातात बिनसाखरेच्या कोमट चहाची एक प्याली असायची. पाहुणा प्यायला लागला की ते ती ओठांपर्यंत न्यायचे आणि गप्पा मारत परत आणायचे. एक प्याली चार पाहुण्यांना पुरायची. चौकात कुणालाही पत्ता लागला नाही.

दोन दिवस नळी विटकरीच. तिसऱ्या दिवशी नारंगी. मी दिवा विझवून पुन्हा पेटवला आणि पुन्हा तपासलं. नारंगीच. मग मळकट पिवळा, परत एकदा नारंगी (कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरलं होतं, लाडू नाकारता आला नाही, पण या वेळी त्यांनी आपण होऊन सांगितलं), मग पिवळा. एका धुक्याच्या सकाळी नळीत हिरवा रंग उतरला, नव्या ज्वारीच्या पात्यासारखा. मी नळी घेऊन सिस्टरांपर्यंत पळत गेले. "हूँ," म्हणाल्या. पण त्या वेळचा 'हूँ' वेगळा होता, हे मी शपथेवर सांगते.

लाली रेघेखाली आली. काळी पडलेली दोन बोटं मात्र वाचणार नव्हती. शस्त्रक्रियेची तारीख ठरली ती नेमकी फॉर्मच्या शेवटच्या दिवशी. मला आत जायची परवानगी नव्हती. मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बेगमजवळ बसले. त्या तसबीचे मणी फिरवत होत्या. मी आईने शिवलेल्या बाहीचा एक धागा ओढत होते. सिलाई खरंच मजबूत होती, धागा सुटला नाही. आतून सर्जन आले आणि बोटं दाखवून म्हणाले, "दो. बस दो. पाँव सलामत है." बेगमनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली.

घरी आले तेव्हा बाबा पेन घेऊन बसलेले. फॉर्म समोर. मी चपला न काढताच सांगितलं, "बाबा, पाय राहिला."

"कुणाचा?"

तेव्हा लक्षात आलं, पैज मी कुणाला सांगितलीच नव्हती. मग चहा होईपर्यंत सगळं सांगितलं; भाकरी गादीखाली सापडल्याचं तेवढं गाळलं, कारण आई ओट्यापाशी उभी होती. बाबांनी ऐकून घेतलं. पेनाला टोपण लावलं. "म्हणजे हे राहू दे म्हणतेस," म्हणाले, आणि फॉर्मवरचा माझा फोटो अलगद सोडवून घेतला. "फोटो चांगला आलाय. कॉलेजात लागेल कुठेतरी."

यात पुढे काय, हा त्यांचा प्रश्न तसा चुकीचा नव्हता. पदवी झाल्यावर मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स झाले, रात्रपाळ्या केल्या, दिवाळीची फराळाची ताटं लॉकरच्या टपावर ठेवून खाल्ली. वर्गातल्या दोघी आखातात गेल्या, एक लष्करात गेली आणि आता आम्हाला पत्रातसुद्धा हुकूम सोडते. मी मध्येच पुढचं शिक्षण घेऊन शिकवायला लागले, कारण गुडघे कुरकुरायला लागले होते आणि बोलायची सवय होतीच. बाबा निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांना सांगत, "आमची मुलगी कॉलेजात आहे." कुठल्या, ते विचारलं तरच सांगत. परीक्षेत बाहेरच्या बाईंनी माझी फाइल उघडून विचारलं होतं, हे पहिलं पान दोनदा कसं? मी भाकरीसकट सगळं सांगितलं. त्यांनी जेमतेम पास केलं, पण फाइल मिटताना त्या खोकल्यासारखं काहीतरी करत होत्या.

होळीनंतर मी आईला घेऊन चौकात गेले. चाचांनी सुट्टी मिळताना बजावलं होतं, कुर्ता घेऊन या, नाहीतर आम्ही पुन्हा भरती होऊ. दुकान म्हणजे गल्लीतली एक पायरी आणि आत एक मशीन. उजव्या पायात कापडी बूट, पुढच्या रिकाम्या जागेत कापूस. आईला पाहून ते उठू लागले. मी डोळे वटारले तसे परत बसले.

चहा आला. आईसाठी, माझ्यासाठी आणि त्यांच्यासाठी. त्यांनी प्याली हातात धरली. मी प्यालीकडे बघत राहिले. त्यांनी ती ओठांपर्यंत नेली, गप्पा मारत परत आणली आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

मग कुर्ता उलटा करून गुडघ्यावर पसरला. आई जरा ताठ झाली. "बहनजी, सिलाई ऐसी मज़बूत है कि उधेड़ने को जी नहीं चाहता."

आई खूश झाली. मला म्हणाली, "बघ. कारागीर आहे, त्याला कळतं. आणि त्यांना विचार, भाकरी आवडायची ना?"

मी विचारलं.

"बहनजी, क्या कहें," चाचा म्हणाले. "हमने एक-एक सँभाल के रखी."

आई कृतार्थ. मी खोकले. चाचांनी खांद्यावर खडूने रेघ मारली, दीड इंचावर, कात्री चालवली, कापड सुईखाली सरकवलं, आणि उजवा पाय पायडलवर ठेवला. आधी एकदा हळू. मग थांबून टाच जरा पुढे घेतली, कापूस बसवल्यासारखी. आणि मग मशीन चालू झालं, संथ, एका लयीत, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असं. मी खाली बघत होते. कुर्त्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"बाही घट्ट नका करू म्हणावं," आई म्हणाली. "अंग वाढतंय अजून."